मालिकेवर बेतलेली कादंबरी आणि वाचकांची परस्परविरोधी मते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एक विज्ञानकथा-मालिका आपण आवडीने पाहिली, तिच्यावर बेतलेली कादंबरी आता वाचायची आहे, पण वाचकांची मते पाहावीत तर एकजण तिला मालिकेहून सरस ठरवतो, दुसरा ती अर्ध्यावर सोडल्याचे सांगतो आणि तिसरा म्हणतो की अधिकृत कथेत तिला स्थानच नाही, मग वाचायची कशाला. यातल्या कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. अशा कादंबऱ्यांची परीक्षणे लिहिण्यात आणि त्यांच्यावरचे वाचकांचे अभिप्राय वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की हे तिघेही बहुधा खरेच बोलत असतात. पुस्तक एकच असले तरी त्याच्याकडून प्रत्येकाची मागणी वेगळी असते, आणि ती मागणी कोणती होती हे ओळखल्याशिवाय त्या मताचा आपल्याला उपयोग करून घेता येत नाही.

स्वतंत्र कादंबरीत लेखक पात्रे घडवतो आणि वाचक त्यांना पहिल्यांदाच भेटतो. मालिकेवरच्या कादंबरीत हा क्रम उलटा असतो. पात्रांचा चेहरा, चाल, आवाज, बोलता बोलता थांबण्याची लकब हे सगळे वाचकाच्या आधीपासून ओळखीचे असते, कित्येकदा लेखकापेक्षाही अधिक, आणि लेखक त्या जुन्या ओळखीत उशिरा सामील होतो. त्यातून त्याचे हातही मोकळे नसतात. पात्रे आणि ते विश्व हक्कधारकांच्या मालकीचे असते, कथेचा आराखडा आणि पुढे पूर्ण हस्तलिखित त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावे लागते, आणि मुदत सहसा तोकडी असते. ही मंजुरी नाममात्र नसते. १९८५ मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेवरच्या एका कादंबरीची पहिली आवृत्ती बाजारातून मागे घेऊन, मजकुरात बदल करून ती पुन्हा छापावी लागली होती. त्यामुळे 'लेखकाने धाडस केले नाही' अशी तक्रार वाचली की मी आधी हे पाहतो की ते धाडस करणे त्याच्या हातात होते का.

मत वाचताना सर्वांत आधी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष आणि मत देणाऱ्याचे त्या मालिकेशी असलेले नाते पाहावे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचे आहे. तिच्यावरची पहिली कादंबरी डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये लिहिली आणि १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने मालिकेतल्या कथांची कादंबरीरूपे ओळीने काढली. त्यांपैकी साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांच्या नावावर आहेत. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते, भागांचे पुनःप्रक्षेपण क्वचित होई, आणि साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप बीबीसीने पुसून टाकल्या होत्या. एकदा प्रक्षेपित झालेली कथा पुन्हा अनुभवण्याचा बहुतेकांना उपलब्ध असलेला मार्ग म्हणजे हे लहानसे पुस्तक. त्या काळात वाढलेला वाचक आजही या पुस्तकांविषयी अत्यंत जिव्हाळ्याने लिहितो. उलट, उपलब्ध भाग हवे तेव्हा पाहू शकणारा आजचा वाचक तेच पुस्तक हाती घेतो आणि म्हणतो की यात संवाद आणि धावपळ यांपलीकडे फारसे काही नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्यासाठी ते पुस्तक हीच कथा होती, दुसऱ्यासाठी ती कथेची नक्कल आहे.

व्हिटेकर यांचे पुस्तक मात्र या दोन्ही गटांना एकत्र आणते, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. मालिका एका शाळेतून सुरू होते. कादंबरीत त्या सुरुवातीला जागाच दिलेली नाही. ती बार्न्स कॉमन या माळरानावर, दाट धुक्यात, एका अपघातापाशी उघडते, आणि निवेदन इयान चेस्टरटन या पात्राच्या तोंडी, प्रथमपुरुषी आहे. पडद्यावर जी चार मुख्य पात्रे सारख्याच अंतरावरून दिसत होती, त्यांतल्या एकाच्या डोळ्यांनी आता सगळे दिसते, आणि तो घाबरला की वाचकही घाबरतो. मालिकेशी ताडून पाहणाऱ्याला हा सरळसरळ विरोधाभास आहे, कारण दोन्ही सुरुवाती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही जुने-नवे दोन्ही वाचक या बदलाचे मनापासून कौतुक करतात. म्हणजे 'मालिकेत असे नव्हते' ही तक्रार वाचक तेव्हाच मांडतो, जेव्हा बदलाच्या मोबदल्यात त्याच्या पदरात काही पडत नाही.

आता ज्या निकषाला मी सर्वाधिक महत्त्व देतो त्याकडे येतो, आणि तो म्हणजे आवाज. 'हा आपला स्पॉक वाटतच नाही' किंवा 'डोळे मिटले की मॅकॉय बोलतोय असे वाटते' अशी, 'स्टार ट्रेक'मधला तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक आणि जहाजाचा डॉक्टर मॅकॉय यांच्याविषयीची वाक्ये वाचकांच्या अभिप्रायांत सतत येतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत विश्वासार्ह असतात. कथानकाविषयीचे मत वाचकाच्या लहरीवर बदलते, पण ज्याने एखादे पात्र पन्नास-साठ तास ऐकले आहे त्याचा कान सहसा फसत नाही. अडचण एवढीच की वाचक बहुधा निर्णय सांगतो आणि कारण सांगत नाही, कारण ते त्यालाही नेमके माहीत नसते.

ते कारण बऱ्याचदा वाक्यरचनेत सापडते. स्पॉकचेच पाहा. ती भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय पडद्यावर भुवई उंचावत तेव्हा ती क्षणभर दिसे आणि प्रसंग पुढे जाई. कच्चा लेखक हीच खूण कागदावर उतरवतो आणि दर तिसऱ्या संवादानंतर 'स्पॉकने भुवई उंचावली' असे लिहितो. कागदावरची ती भुवई क्षणात खाली येत नाही, ती वाचावी लागते, मोजली जाते, आणि शंभराव्या पानापर्यंत ती यांत्रिक वाटू लागते. जाणता लेखक भुवईचा नाद सोडून स्पॉकच्या बोलण्याची घडण पकडतो: तो प्रश्नाचे उत्तर देण्याआधी प्रश्नातली चूक दुरुस्त करतो, भावनेचा उल्लेख टाळून तिच्या परिणामाचा उल्लेख करतो, आणि मित्राविषयीची काळजी कामाच्या तपशिलात लपवतो. असे दोन संवाद नीट जमले की भुवईचा उल्लेख न करताही वाचकाला ती दिसते. म्हणून 'लेखकाला मालिका पाठ आहे, पण पात्रे खोटी वाटतात' असे मत वाचले तर ते गंभीरपणे घ्या. सवयी आणि ठरलेली वाक्ये गोळा केली आहेत, पण त्यामागचा विचार करण्याचा ढंग हाती लागलेला नाही, असा त्याचा अर्थ असतो.

आवाजाचा निकष किती दूरवर जाऊ शकतो हे 'अ स्टिच इन टाइम' या २००० मधल्या कादंबरीवरून कळते. 'स्टार ट्रेक'च्याच विश्वातल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत गॅरॅक हा कार्डेशियन या परग्रही वंशाचा शिंपी आणि माजी हेर साकारणारे अँड्र्यू रॉबिन्सन यांनीच ती लिहिली. भूमिका करत असताना ते गॅरॅकच्या नावाने रोजनिशीसारखे टिपण लिहीत असत आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत त्यातले भाग वाचून दाखवत. त्यातून पुढे ही कादंबरी आकाराला आली. गॅरॅकने आपला मित्र डॉक्टर बशीर याला लिहिलेले एक दीर्घ पत्र असे तिचे रूप आहे, आणि त्यात त्याचे शालेय वय, युद्धाच्या शेवटाकडचे दिवस आणि उद्ध्वस्त मायदेशातले नंतरचे जगणे असे तीन काळ एकमेकांत गुंफलेले आहेत. तिच्याविषयी वाचकांची मते जवळजवळ एकमुखी आहेत: आवाज अस्सल आहे. मतभेद होतो तो पुढच्या मुद्द्यावर. काहींना वाटते की मालिकेत गॅरॅकची सारी मोहिनी त्याच्या खोटेपणात होती. तो आपल्या भूतकाळाच्या दर वेळी वेगळ्या कथा सांगे आणि खरी कोणती हे कधी कळत नसे. त्याचे बालपण असे तपशीलवार मांडल्यावर ते गूढ उरत नाही. इतरांना वाटते की पत्र लिहिणारा गॅरॅकच आहे, तेव्हा पत्रही निखळ सत्य मानण्याचे कारण नाही. मला दुसरे वाचन अधिक पटते, कारण तो बशीरला काय सांगतो यापेक्षा बशीरलाच का सांगतो, हे त्या पत्रात अधिक बोलके आहे. पण पहिला आक्षेपही विचारपूर्वक केलेला आहे, आणि अशी मते कोणत्याही तारांकित गुणांपेक्षा मोलाची असतात. त्यांतून पुस्तकाच्या आत काय आहे ते कळते.

अधिकृततेचा प्रश्न इतक्या त्वेषाने लढवला जातो की त्याला बगल देता येत नाही. पडद्यावर घडले तेवढेच खरे, अशी 'स्टार ट्रेक'ची सर्वसाधारण रीत आहे. पुस्तकात काहीही घडले तरी पुढचा पटकथालेखक त्याला बांधील नसतो. याचा फटका चांगल्या पुस्तकांनाही बसला. जॉन एम. फोर्ड यांनी १९८४ मध्ये 'द फायनल रिफ्लेक्शन' लिहून क्लिंगॉन या परग्रही योद्ध्यांच्या समाजाला इतिहास, खेळ, राजकारण आणि स्वतःची नीती दिली. त्यानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेने क्लिंगॉनांसाठी वेगळीच वाट धरली. १९९४ मधल्या 'फेडरेशन' या कादंबरीत झेफ्रम कॉक्रेन हा वॉर्प-प्रवासाचा, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासाचा, जनक एका प्रकारे रंगवला होता, तर दोनच वर्षांनी आलेल्या 'फर्स्ट काँटॅक्ट' चित्रपटात तो दारूच्या आहारी गेलेला, थोरपण अंगावर येताच पळू पाहणारा माणूस म्हणून समोर आला. आता कोणी लिहिले की 'फेडरेशन खोटी ठरली', तर ते विधान त्या विश्वाच्या कालक्रमाविषयी बरोबर आहे, पण कादंबरीच्या गुणवत्तेविषयी ते काहीच सांगत नाही. फोर्ड यांची कादंबरी आजही आवर्जून सुचवली जाते, आणि सुचवणाऱ्या वाचकांना तिचे अनधिकृत असणे चांगले ठाऊक असते.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. व्हॉन्डा मॅकिन्टायर यांनी 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' या १९८१ च्या कादंबरीत सुलू या 'स्टार ट्रेक'मधल्या जहाजाच्या चालकाला हिकारू हे पहिले नाव दिले आणि दहा वर्षांनी 'स्टार ट्रेक'च्या सहाव्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले. पॉल कॉर्नेल यांची 'ह्यूमन नेचर' ही १९९५ ची 'डॉक्टर हू' कादंबरी त्यांनीच २००७ मध्ये मालिकेसाठी दोन भागांत रूपांतरित केली. 'बॅबिलॉन ५' या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या मालिकेच्या बाबतीत तर मालिकेचे निर्माते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी काही कादंबऱ्या मालिकेच्या कथेचा अधिकृत भाग असल्याचे स्वतःच स्पष्ट केले. त्यांत कॅथरिन ड्रेनन यांची १९९७ मधली 'टु ड्रीम इन द सिटी ऑफ सॉरोज' ही आहे. पहिल्या पर्वानंतर स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर मालिकेच्या केंद्रातून दूर गेला; त्या काळात तो मिनबार या ग्रहावर काय करत होता, याचे उत्तर ती देते. तिच्याविषयीचे अभिप्राय वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यांतले बरेचसे कौतुक रिकामी जागा भरल्याचे समाधान असते. ज्याला ती जागा रिकामी वाटलीच नव्हती, त्याला ही कादंबरी तितकी हलवत नाही.

अधिकृततेच्या वादाखाली कधी कधी खरे दुःखही असते, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. 'डीप स्पेस नाइन' संपल्यावर २००१ पासून कादंबऱ्यांतून कथा पुढे नेली गेली आणि तिला इतर मालिकांच्या कादंबऱ्या जोडल्या जाऊन एक सलग, मोठे कथाविश्व तयार झाले. माणसे मेली, लग्ने झाली, मुले झाली, हुद्दे बदलले. वाचकांनी जवळपास दोन दशके ते विश्व सोबत जगले. मग २०२० मध्ये 'पिकार्ड' ही 'स्टार ट्रेक'चीच नवी मालिका आली, तिने याच पात्रांचा वेगळा भविष्यकाळ मांडला, आणि २०२१ मध्ये 'कोडा' या तीन कादंबऱ्यांनी ते पुस्तकी विश्व विधिवत संपवले. या त्रयीवर टोकाची मते आहेत. तिला फार कमी गुण देणाऱ्यांचे अभिप्राय नीट वाचले तर लेखनाविषयीची तक्रार त्यांत थोडीच असते. इतक्या वर्षांची सोबत संपवली गेल्याचा राग अधिक असतो. तो राग प्रामाणिक आहे. पण आपण ते विश्व वाचलेलेच नसेल, तर त्या गुणांवरून आपल्यासाठी कोणताही निष्कर्ष निघत नाही.

'शेवटी काहीच बदलत नाही' हा आक्षेपही वारंवार भेटतो आणि तो बहुधा मालिका चालू असताना लिहिलेल्या पुस्तकांवर असतो. त्यात तथ्य आहे, कारण पात्रे जशी उसनी घेतली तशीच परत करण्याची अट लेखकावर असते. तरीही या अटीत राहून चांगले लिहिता येते. 'द एन्ट्रॉपी इफेक्ट'मध्ये जहाजाचा कप्तान कर्क याचा खून होतो. तो कायमचा मेला नसणार, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असते. म्हणून लेखिका त्याच्या मरणावर रहस्य उभे करत नाही. ती जहाजावरच्या माणसांकडे पाहत राहते: कोण कोसळते, कोण कामात बुडते, आणि कोणाला ते मृत्यू म्हणून मान्यच होत नाही. निकाल माहीत असूनही पाने उलटावीशी वाटतात. म्हणून 'शेवट ठाऊकच होता' या तक्रारीपाशी न थांबता, त्याच वाचकाने मधल्या पानांविषयी काही लिहिले आहे का ते पाहावे.

विज्ञानाच्या अचूकतेविषयीची मते मी या प्रकारात दुय्यम मानतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी जहाजे आणि क्षणात माणूस इकडून तिकडे पाठवणारी यंत्रे ही मालिकेने घातलेली गृहीतके असतात, आणि त्यांचा दोष कादंबरीकाराच्या माथी मारणे न्याय्य नाही. मात्र मालिकेने घालून दिलेले नियम लेखक अडचणीच्या वेळी मोडतो, असे कोणी उदाहरणासह दाखवले, तर तो आक्षेप ग्राह्य आहे.

गुणांच्या सरासरीविषयी एक सावधगिरी. लांबलेल्या कादंबरीमालिकेतल्या नंतरच्या खंडांची सरासरी बरेचदा पहिल्या खंडापेक्षा वर दिसते. त्याचा अर्थ लेखन सुधारत गेले असा घेऊ नये; पहिला खंड न आवडलेले वाचक तिथेच थांबलेले असतात आणि पुढे मत देणारे सगळे आधीपासूनच अनुकूल असतात. आपल्यासारख्या नव्या वाचकासाठी पहिल्या खंडावरची, त्यातही मध्यम गुण देणारी मते अधिक उपयोगी असतात, कारण असा वाचक आवडले ते आणि खटकले ते दोन्ही सहसा लिहितो. त्यातही ज्याने एखाद्या प्रसंगाचे नाव घेतले आहे, मालिका किती पाहिली हे सांगितले आहे आणि मालिकेविना हे पुस्तक कसे वाटले असते याचा विचार केला आहे, त्याच्या चार ओळी इतरांच्या चार पानांना भारी पडतात.

आपण मालिकेचे नाव दिलेले नाही, म्हणून सुरुवातीसाठी तीन सूचना करतो. मूळ 'स्टार ट्रेक' पाहिली असेल तर 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' घ्यावी. तिला मालिकेच्या सर्वसाधारण ओळखीपलीकडे कसलीही पूर्वतयारी लागत नाही. 'डीप स्पेस नाइन' शेवटपर्यंत पाहिली असेल तर 'अ स्टिच इन टाइम' वाचावी, पण शेवटपर्यंत पाहिलेली असेल तरच, कारण युद्धाचा शेवट तिच्यात गृहीत धरलेला आहे. 'बॅबिलॉन ५' पाहत असाल तर ड्रेनन यांची कादंबरी निदान तिसरे पर्व संपेपर्यंत बाजूला ठेवावी, आणि तोवर तिच्यावरचे अभिप्रायही वाचू नयेत: सिंक्लेअरचे पुढे काय होते हे त्यांतले बहुतेक वाचक बोलता बोलता सांगून टाकतात.